अठरा नंबरचं घर

१९३५ साली फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाजवळच्या की वेस्ट बेटावर येणाऱ्या प्रवाशाच्या हाती एक यादी पडायची. गावात काय काय पाहावं याची. एकूण ४८ गोष्टी, क्रमांक घातलेल्या. १७व्या क्रमांकावर एक फळबाग, १९व्यावर दीपगृह आणि पक्ष्यांचे पिंजरे, आणि या दोहोंच्या मध्ये, १८व्या क्रमांकावर, अर्नेस्ट हेमिंग्वेचं राहतं घर. घरात बायको, लहान मुलं, मागच्या छोट्या इमारतीच्या माडीवर लिहिण्याची खोली. आणि बाहेर यादी घेऊन फिरणारी अनोळखी माणसं. एप्रिल १९३५च्या ‘एस्क्वायर’ मासिकात हेमिंग्वेने या यादीवर एक लेखच लिहिला. वरवर तो गमतीचा आहे, पण आतली चीड लपत नाही. पुढे त्याने घराभोवती विटांची भिंत घालून घेतली. विटा गावाच्याच रस्त्यांतून उखडलेल्या होत्या. व्हाइटहेड स्ट्रीटवर ती भिंत अजून उभी आहे.

ही यादी कोणी केली, का केली, हे समजल्याशिवाय की वेस्टमधलं एकही घर नीट पाहता येत नाही असं मला वाटतं.

जुलै १९३४ मध्ये हे गाव बुडालं. वादळाने नव्हे, कर्जाने. शहरावर सुमारे ५० लाख डॉलरचं देणं होतं, नोकरांचे पगार थकले होते, बहुसंख्य कुटुंबं सरकारी मदतीवर जगत होती. शहराने आणि काउंटीने हात टेकले आणि कारभार राज्याकडे सोपवला. गव्हर्नर डेव्हिड शोल्ट्झ यांनी तो ज्युलियस स्टोन या मदतकार्याच्या अधिकाऱ्याच्या हवाली केला. स्टोनसमोर दोन वाटा होत्या. लोकांना बेटावरून उठवून मुख्य भूमीवर वसवायचं, किंवा बेटालाच पोट भरण्याचं नवं साधन शोधून द्यायचं. त्याने दुसरी वाट धरली आणि साधन निवडलं ते पर्यटनाचं. गावकऱ्यांनी विनामूल्य श्रमाचे लाखो तास देऊ केले. कचऱ्याचे ढीग उचलले गेले, किनारे साफ झाले, पडीक घरांची डागडुजी करून ती भाड्याने देण्याजोगी केली गेली. सरकारी पगारावर चित्रकार आणले गेले. त्यांनी गावाची जलरंगातली चित्रं काढली आणि ती चित्रं जाहिरातीच्या पुस्तिकांत छापली गेली. मॅलरी चौकाजवळचं मत्स्यालय याच कामातून उभं राहिलं. आपल्याकडे दुष्काळात खडी फोडण्याची आणि रस्त्याची कामं निघत, त्याच जातीचं हे काम होतं. मात्र इथे त्या कामातून बाहेर पडलं ते अख्खं ‘पाहण्यासारखं गाव’.

म्हणजे अठरा नंबर हा एका उपाशी गावाने स्वतःवर चिकटवलेला क्रमांक होता. हेमिंग्वेचा वैताग खरा होता, आणि फाटकाबाहेर यादी विकणाऱ्या गावाची गरजही खरी होती. पण ज्या घरांच्या जोरावर ही यादी बनली, ती घरं त्याआधीच्या शंभर वर्षांत, अगदी निराळ्या कारणांनी बांधली गेली होती. पाट्या त्या कारणांबद्दल फारसं बोलत नाहीत. घरं बोलतात.

बेट लहान आहे. साधारण साडेसहा किलोमीटर लांब आणि दीड-दोन किलोमीटर रुंद. क्युबा इथून १४५ किलोमीटरवर आणि मायामी त्याहून लांब. अक्षांश आपल्या उदयपूरचा, पण चारही बाजूंनी समुद्र असल्यामुळे थंडी अशी पडतच नाही. १८१५ मध्ये हवानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने हे बेट हुआन पाब्लो सालास नावाच्या एका अधिकाऱ्याला बक्षीस दिलं होतं. १८२२ मध्ये जॉन सायमन्टन या अमेरिकन व्यापाऱ्याने ते त्याच्याकडून २,००० डॉलरला घेतलं. गोड्या पाण्याचा झरा नाही, नदी नाही, शेतीला माती नाही, घर बांधण्याजोगं मोठं लाकूड नाही. अशा जागी माणसं का आली, आणि आल्यावर बघता बघता श्रीमंत कशी झाली?

उत्तर समुद्राखाली आहे. फ्लोरिडाच्या या बेटांच्या रांगेला समांतर, काही मैलांवर, प्रवाळाच्या खडकांची लांबलचक रांग आहे. तिच्या पलीकडून गल्फ स्ट्रीमचा जोरदार प्रवाह पूर्वेकडे आणि मग उत्तरेकडे धावतो. न्यू ऑर्लिन्सकडे निघालेल्या शिडाच्या जहाजाला या प्रवाहाच्या तोंडी सापडायचं नसे, म्हणून कप्तान शक्य तितकं खडकांच्या कडेकडेने जहाज हाकत. रात्र, वारा, चुकीचा नकाशा, यातलं काहीही एक पुरे होई. जहाज खडकावर चढलं की टेहळणीच्या मनोऱ्यावरून ओरड व्हायची आणि की वेस्टच्या बंदरातून होड्या सुटायच्या. या होड्यांवरची माणसं म्हणजे रेकर. त्यांचा धंदा फुटलेल्या जहाजावरचा माल वाचवण्याचा.

रेकर म्हणजे चाचे, अशी समजूत करून देणारे खेळ आणि संग्रहालयं गावात आहेत. तिच्यावर विश्वास ठेवू नये. हा कायद्याने बांधलेला व्यवसाय होता. १८२५च्या कायद्याने अमेरिकेच्या पाण्यात सापडलेला फुटक्या जहाजाचा माल अमेरिकेच्याच बंदरात आणणं सक्तीचं झालं; त्याआधी तो हवानाला किंवा नासाउला जाई. १८२८ मध्ये की वेस्टला न्यायालय आलं. जो कप्तान जहाजाशी पहिला पोचेल तो त्या कामाचा मुख्य. आधी माणसं वाचवायची, आणि त्याबद्दल एक पैही मिळत नसे. मोबदला फक्त मालाचा आणि जहाजाचा. किती, ते न्यायाधीश ठरवत. विल्यम मार्विन नावाच्या इथल्याच न्यायाधीशाने १८५८ मध्ये या विषयावर लिहिलेला ग्रंथ सागरी कायद्याच्या अभ्यासकांनी पुढे बराच काळ वापरला. माल गोदामात येई, लिलाव होई. कापूस, रेशीम, वाइन, पियानो, चांदीची भांडी. गावातल्या कितीतरी दिवाणखान्यांत असं सामान आलं ते याच वाटेने. १८५०च्या दशकात खडकांवर लोखंडी पायांची दीपगृहं उभी राहायला लागली, वाफेची जहाजं वाढली, आणि हा धंदा हळूहळू आटत गेला.

घरांकडे येऊ.

डुव्हाल स्ट्रीटवर ३२२ नंबरला गावातलं सर्वात जुनं म्हणून दाखवलं जाणारं घर आहे. १८२९च्या सुमारास ते दुसऱ्या जागी बांधलं गेलं आणि पुढे काही वर्षांत आताच्या जागी हलवलं गेलं. फ्रान्सिस वॉटलिंग्टन नावाचा रेकर कप्तान त्यात राहत असे. त्याला नऊ मुली. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, हेमिंग्वेच्या घराआधी हे पाहा. कारण इथे प्रसिद्ध माणसाचा पडदा मध्ये येत नाही, थेट घरच दिसतं. छपरात एक झाकण आहे, जहाजाच्या डेकवर असतं तसंच. उन्हाळ्यात ते उघडलं की खालची गरम हवा वर निघून जाते आणि खिडक्यांतून समुद्राचा वारा आत ओढला जातो. स्वयंपाकघर मागच्या अंगणात, घरापासून सुटं. चूल घरात असली तर उष्णता आणि आग, दोन्हींची भीती. जमीन सपाट नाही, भिंती काटकोनात नाहीत. घर सुताराच्या गुण्याने कमी आणि गलबत बांधणाऱ्याच्या नजरेने जास्त बांधलं गेलंय हे पायांना कळतं.

आणि ते तसंच होतं. बहामातून आलेले जहाजी सुतार हेच या गावाचे गवंडी आणि वास्तुविशारद. एका तुळईला खाच, दुसरीला कुसू, आणि दोन्हींतून आरपार लाकडाची खुंटी, अशा जोडणीने ते घराचा सांगाडा उभा करत. गलबत लाटांवर पिळलं जातं. त्याचे सांधे थोडे हलले पाहिजेत पण सुटता कामा नयेत. हीच अपेक्षा वादळात सापडलेल्या घराकडूनही असते. लाकूड दक्षिण फ्लोरिडातल्या पाइनचं, राळेने इतकं भरलेलं की वाळवी त्याच्या वाटेला जात नाही आणि जुनं झाल्यावर त्यात खिळा ठोकणंही कठीण जातं. घर जमिनीत पुरलेलं नाही. चुनखडकाच्या ठेंगण्या खांबांवर ते नुसतं ठेवलेलं असतं, म्हणजे खालून वारा खेळतो आणि पुराचं पाणी निघून जातं. दोन घरं तर बहामातच उभी होती. जॉन बार्टलम हा जहाजं बांधणारा १८४०च्या दशकात ग्रीन टर्टल के बेटावरून इकडे यायला निघाला, तेव्हा ती सुटी करून बोटींवर चढवून आणली गेली आणि विल्यम स्ट्रीट आणि ईटन स्ट्रीटच्या कोपऱ्यात पुन्हा जोडली गेली. खिळ्यांचं घर असतं तर हे जमलं नसतं.

एक तऱ्हा खास इथली. दुमजली घराच्या पुढच्या छपराची पाखं इतकी खाली ओढलेली की वरच्या मजल्याच्या खिडक्या अर्ध्या झाकल्या जातात. ऊन आत येऊ नये म्हणून हे केलं असावं, पण वरच्या खोल्यांत हवा कोंडते असं तिथे राहणारे म्हणतात. सगळेच प्रयोग साधले असं नव्हे. मला त्या घरांबद्दल उलट जास्त आपुलकी वाटते. कोणीतरी उन्हाशी झगडताना काहीतरी नवं करून पाहिलं आणि शेजाऱ्यांनीही ते उचललं.

मग पाणी. या गावातलं जुनं घर पाहताना प्रत्येकाने छपराच्या कडेची पन्हाळ कुठे जाते ते शोधावं. ती अंगणातल्या किंवा घराखालच्या हौदात जात असे. सगळं गाव पावसाचं पाणी प्यायचं. छपराची उतरण, पन्हाळीचा कोन, हौदाचा आकार, ही सगळी गणितं त्या पाण्याची. हौदात डास, आणि डासांबरोबर पीतज्वर. इथल्या दफनभूमीतले कितीतरी दगड त्याची साक्ष देतात. मुख्य भूमीवरून सुमारे १३० मैल लांब नळ टाकून गोडं पाणी बेटावर आलं ते १९४२ मध्ये, तेही नौदलाला हवं होतं म्हणून. आज पुष्कळ हौद बुजवले गेले आहेत, काहींचे पोहण्याचे छोटे तलाव झाले आहेत.

आता व्हाइटहेड स्ट्रीटवरचं ९०७ नंबरचं घर. १८५१ मध्ये ते एसा टिफ्टने बांधलं. टिफ्टचं पोट रेकरांच्या मालावरच भरलं. तो व्यापारी होता आणि जहाजांचे आराखडेही करत असे. लाकडी गावात त्याने दगडी घर बांधलं. दगड त्याच जागेवर खोदून काढलेला चुनखडक. खोदल्यामुळे जो खड्डा पडला त्याचं तळघर झालं, जे या बेटावर क्वचितच आढळतं. भिंती दीड फूट जाड, दोन्ही मजल्यांभोवती लोखंडी कठड्याच्या गॅलऱ्या, आणि जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १६ फूट उंच. की वेस्टमध्ये १६ फूट म्हणजे टेकडी.

हेमिंग्वे इथे पहिल्यांदा १९२८ मध्ये आला. १९३१ मध्ये त्याची दुसरी पत्नी पॉलीन हिच्या गस काकांनी हे घर ८,००० डॉलरला घेऊन दिलं. तेव्हा ते मोडकळीला आलेलं होतं. ते सावरलं आणि सजवलं पॉलीनने. घरातली झुंबरं तिची हौस. अंगणातला पोहण्याचा तलावही तिनेच बांधून घेतला, हेमिंग्वे स्पेनच्या यादवीच्या बातम्या द्यायला गेलेला असताना. चुनखडकात इतका मोठा खड्डा खोदायचा म्हणून खर्च आला २०,००० डॉलर, घराच्या किमतीच्या अडीचपट. पर्यटकांना तिथे सिमेंटमध्ये बसवलेलं एक सेंटचं नाणं दाखवतात आणि ‘आता माझा शेवटचा सेंटही घे’ असं हेमिंग्वे म्हणाल्याची गोष्ट सांगतात. गोष्ट लोक हसून ऐकतात. पण हा तलाव, ही झुंबरं, हे सावरलेलं घर पॉलीनचं आहे, हेमिंग्वे १९३९-४० मध्ये क्युबाला कायमचा निघून गेल्यावर ती इथेच राहिली आणि १९५१ मध्ये मरेपर्यंत हेच तिचं घर होतं, हे त्या हशात बाजूला पडतं. पाटीवर तिचं नाव मोठ्या अक्षरात असायला हवं होतं.

मराठी वाचक इथे येतो तो बहुधा ‘एका कोळियाने’ मनात घेऊन. हेमिंग्वेच्या कादंबरीच्या पु. ल. देशपांडे यांनी केलेल्या त्या अनुवादामुळे म्हातारा सान्तियागो आपल्याकडे घरचा झाला. ते पुस्तक मात्र इथलं नाही, क्युबातलं आहे. इथे हेमिंग्वेने पुष्कळ लिहिलं, आणि खुद्द की वेस्टवर लिहिलेली कादंबरी म्हणजे ‘टु हॅव अँड हॅव नॉट’, १९३७ सालची. तिच्यात हेच दिवाळखोर गाव आहे, स्टोनच्या काळातलं. ती त्याची सर्वात चांगली कादंबरी नाही, पण हे घर पाहून बाहेर पडल्यावर वाचायची असेल तर तीच.

मांजरांबद्दल लिहावंच लागेल, कारण निम्मी गर्दी त्यांच्यासाठी असते. आवारात ५०-६० मांजरं आहेत आणि त्यांतल्या साधारण निम्म्यांच्या पंजाला नेहमीपेक्षा जास्त बोटं असतात. एका जहाजाच्या कप्तानाने हेमिंग्वेला दिलेल्या सहा बोटांच्या पांढऱ्या मांजरीचा हा वंश, असं सांगितलं जातं. हेमिंग्वेच्या मांजरप्रेमाचे भक्कम पुरावे मात्र क्युबाच्या घरातले आहेत. इथल्या घरात तशी मांजरं होती का, यावर वाद आहे. ती आज तिथे आहेत आणि त्यांची नीट काळजी घेतली जाते, हे खरं. या मांजरांवरून एक खटलाही झाला. प्राण्यांचं प्रदर्शन मांडणाऱ्यांना लागू असलेला केंद्राचा कायदा या संग्रहालयालाही लागू होतो, असं कृषी खात्याचं म्हणणं. अपील न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये ते मान्य केलं: मांजरं हा लोकांना इथे ओढणाऱ्या व्यवसायाचाच भाग आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ आलं तेव्हा बेट सोडण्याचा आदेश होता. संग्रहालयाची काही माणसं मांजरांसह त्या जाड भिंतींच्या आत थांबली. माणसं, मांजरं, घर, सगळं सुखरूप राहिलं.

रस्त्याच्या पलीकडे दीपगृह आहे. लोक ८८ पायऱ्या चढतात, वरून हेमिंग्वेच्या बागेचा फोटो काढतात आणि उतरतात. माझ्या मते या गावातली माणसाची सर्वात मोठी गोष्ट या आवारात आहे, आणि ती बार्बरा मॅब्रिटीची आहे.

पहिलं दीपगृह १८२५ मध्ये पाण्याच्या अगदी काठावर बांधलं गेलं. मायकेल मॅब्रिटी त्याचा राखणदार. १८३२ मध्ये तो पीतज्वराने गेला आणि त्याची बायको बार्बरा, पदरात मुलं असलेली, त्या जागी नेमली गेली. दिव्यांत तेल भरायचं, वाती कातरायच्या, काचा आणि परावर्तक पुसायचे, रात्रीतून पुन्हा पुन्हा वर जायचं. ऑक्टोबर १८४६ मध्ये या बेटाने पाहिलेलं सर्वात भयंकर वादळ आलं. गावातले लोक आसऱ्याला दीपगृहात शिरले, कारण तेच सर्वात पक्कं वाटत होतं. बुरूज कोसळला. १४ माणसं गेली, त्यांत बार्बराच्या घरची माणसं होती. ती वाचली. आताचं दीपगृह १८४८ मध्ये आतल्या उंच जागी पेटलं, आणि त्याची राखणदारही तीच. १८६४ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तिला कामावरून काढलं गेलं. यादवी युद्ध चालू होतं, बेट उत्तरेच्या ताब्यात होतं आणि ती दक्षिणेच्या बाजूने बोलते अशी तक्रार होती. तिच्या मतांशी मी सहमत होऊ शकत नाही. दक्षिणेची बाजू म्हणजे गुलामगिरीची बाजू. पण ३२ वर्षं रोज रात्री तो जिना चढणारी बाई ती होती. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या एका जहाजाला आज तिचं नाव आहे. दिवा १९६९ मध्ये विझवला गेला.

१८४६च्या वादळाने गावातली बहुतेक घरं मोडली. किनाऱ्याजवळची दफनभूमीही उघडी पडली, म्हणून पुढच्या वर्षी आतल्या उंच जागी नवी केली गेली. तिथल्या कबरी पुष्कळशा जमिनीच्या वर बांधलेल्या आहेत, कारण खाली लगेच खडक लागतो. मग १८८६ची आग. ती लागली तेव्हा गावाचा वाफेवरचा बंब दुरुस्तीसाठी न्यू यॉर्कला गेलेला होता. गावाचा मोठा भाग जळला. आज जुन्या घरांवर जे चंदेरी पत्रे दिसतात, ते या आगीचे धडे आहेत. लाकडी कौलांवर ठिणग्या उडून घरामागून घर पेटलं होतं. म्हणजे गावाचं हे देखणं रूप मोठ्या अंशी दोन संकटांनंतरच्या दुरुस्तीतून आलं आहे.

ती आग सुरू झाली सान कार्लोस संस्थेच्या शेजारच्या कॉफीच्या दुकानात, आणि इथे आपण गावाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शिरतो. १८६८ नंतर स्पेनविरुद्धच्या लढ्यामुळे क्युबातले हजारो लोक इथे आले आणि त्यांच्यामागून सिगारचे कारखाने आले. १८९०च्या शिरगणतीत १८,००० वस्तीचं की वेस्ट हे फ्लोरिडातलं सर्वात मोठं शहर होतं. या कारखान्यांत उंच आसनावर बसून एक जण दिवसभर वाचत असे, सकाळी वर्तमानपत्रं आणि दुपारी कादंबऱ्या, आणि त्याचा पगार कामगार स्वतः वर्गणी काढून देत. सान कार्लोस या कामगारांनी आणि निर्वासितांनी १८७१ मध्ये काढलेली शाळा आणि सभागृह. क्युबाच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता होसे मार्ती इथे येऊन बोलला, आणि क्युबाच्या क्रांतिकारी पक्षाची घडी जानेवारी १८९२ मध्ये याच गावात बसली. आताची इमारत १९२४ची आहे. डुव्हाल स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना दारूची दुकानं, मध्ये ही पांढरी इमारत. बहुतेक लोक पुढे निघून जातात. त्या कामगारांची घरंही पाहावीत: तीन-चार खोल्या एकामागे एक, पुढे छोटीशी ओसरी, कारखानदाराने रांगेने बांधलेली. आतून लाकडी भिंतीला अस्तर नाही, गिलावा नाही. पुढे कारखाने टाम्पाला गेले, घरं राहिली.

हे सगळं पाडलं का गेलं नाही? गरिबीमुळे. पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता. त्यात रेल्वेची वाटही तुटली. हेन्री फ्लॅगलरने बांधलेली समुद्रावरची रेल्वे १९१२ मध्ये बेटावर पोचली होती. २ सप्टेंबर १९३५च्या वादळाने ती वरच्या बेटांवर उद्ध्वस्त केली. चारशेहून जास्त माणसं मेली, त्यांत रस्त्याच्या सरकारी कामावर आणलेले पहिल्या महायुद्धातले सैनिक मोठ्या संख्येने होते. रेल्वेच्या त्याच पुलांवरून १९३८ मध्ये मोटारीचा रस्ता झाला. मायामीला मुलांकडे येणारे आपले आईवडील आज ज्या रस्त्याने इथे येतात तो याच मार्गावर आहे: ११३ मैल, ४२ पूल.

पैसा आल्यावर धोकाही आला. व्हाइटहेड स्ट्रीटवरचं गायगर नावाच्या एका कप्तानाचं घर १९५८ मध्ये पाडून तिथे पेट्रोल पंप करायचं चाललं होतं. मिचेल वुल्फसन या, गावातच जन्मलेल्या उद्योजकाने ते घेतलं, दुरुस्त केलं आणि १९६० मध्ये लोकांसाठी उघडलं. नाव दिलं ऑड्युबॉनचं घर. पक्ष्यांचा महान चित्रकार जॉन जेम्स ऑड्युबॉन १८३२ मध्ये बेटावर येऊन गेला हे खरं, पण हे घर त्यानंतरचं आहे. तो त्यात कधी राहिला नाही. पाटी अशी सैल आहे, तरी तिच्यामुळेच घर वाचलं, आणि त्यापाठोपाठ सगळं जुनं गाव. १९६० मध्ये जतनासाठी संस्था निघाली, पुढे जुना भाग राष्ट्रीय वारशाच्या नोंदीत गेला, आणि आज घराच्या बाहेरून साधी खिडकी बदलायची तरी जतनाच्या समितीची परवानगी लागते.

‘अमेरिकेचं दक्षिण टोक’ म्हणून दाखवला जाणारा, रंगीत पट्ट्यांचा काँक्रीटचा बोया १९८३ मध्ये बसवला, कारण आधीच्या पाट्या लोक चोरून नेत. बेटाचं खरं दक्षिण टोक शेजारच्या नौदलाच्या जागेत आहे. तिथे फोटोसाठी तासभर उभं राहण्यापेक्षा तो तास ट्रुमन यांच्या ‘छोट्या व्हाइट हाउस’ला द्यावा. नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी १८९० मध्ये बांधलेलं हे साधं लाकडी घर. अध्यक्ष असताना हॅरी ट्रुमन तिथे ११ वेळा येऊन एकूण १७५ दिवस राहिले.

मात्र एक जागा अशी आहे जिथे घर नाही आणि १९३५च्या यादीत ती असणं शक्यच नव्हतं. १८६० मध्ये अमेरिकेच्या नौदलाने गुलामांची चोरटी वाहतूक करणारी तीन जहाजं क्युबाजवळ पकडली आणि त्यांवरची १,४३२ आफ्रिकन माणसं की वेस्टला उतरवली. गावकऱ्यांनी त्यांना कपडे आणि अन्न दिलं. पण प्रवासाने माणसं आतून संपली होती. २९५ जण इथेच गेले आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूत पुरले गेले. उरलेल्यांना लायबेरियाला पाठवलं गेलं. त्या कबरींवर पुढे तटबंदी झाली, रस्ता झाला, पोहणाऱ्यांचा किनारा झाला. २००२ मध्ये जमिनीत खोलवर पाहणाऱ्या रडारमुळे त्या पुन्हा सापडल्या. आज हिग्ज बीचवर तिथे स्मारक आहे. गावातली कुठलीही फेरी याशिवाय पुरी झाली असं मी मानणार नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये की वेस्टच्या मतदारांनी, दिवसाला १,५०० पेक्षा जास्त क्रूझ प्रवासी उतरू नयेत आणि फार मोठी जहाजं येऊ नयेत, असा कौल बहुमताने दिला. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तो निकालात काढला. मग शहराने आपल्या ताब्यातल्या धक्क्यांपुरता निर्णय घेतला. खासगी धक्क्यावर मोठी जहाजं येत राहिली. सिगार कामगारांच्या त्या तीन खोल्यांच्या घरांना आता दहा लाख डॉलरच्या वर किंमत येते. मालक पुष्कळदा वर्षातून थोडे आठवडे राहतात. हॉटेलांतले आणि उपाहारगृहांतले कामगार वरच्या बेटांवरून रोज बसने येतात. १९३४ मध्ये प्रश्न होता गावातल्या लोकांना इथे पोसायचं कसं. आता प्रश्न आहे त्यांना इथे राहू द्यायचं कसं, आणि त्याला स्टोनसारखा कोणी अधिकारी नेमलेला नाही.

आणि पाणी वाढतंय. इथल्या बंदरात १९१३ पासून भरती-ओहोटीची नोंद होते आहे. समुद्र चढतो आहे हे त्या आकड्यांत स्पष्ट दिसतं. भिंत घालून उपयोग नाही, कारण चुनखडक सच्छिद्र आहे आणि पाणी खालून वर येतं. मोठ्या भरतीला सखल गल्ल्यांत ऊन पडलेलं असताना गुडघ्याखाली खारं पाणी साचतं. त्यावर एक उपाय जुन्या सुतारांनी नकळत करून ठेवला आहे. लाकडी घर खांबांवर नुसतं ठेवलेलं असल्यामुळे ते जॅक लावून सबंध उचलता येतं. खाली लाकडाच्या ओंडक्यांची उतरंड रचतात, घर इंचाइंचाने वर घेतात, खांब वाढवतात आणि ते पुन्हा टेकवतात. मग ओसरीच्या पायऱ्या तेवढ्या नव्याने कराव्या लागतात, आणि त्यांचा आराखडा समितीपुढे मंजुरीला जातो.